खिशातले राजीनामे

4 मार्च 2025 रोजी धनंजय मुंडे यांनी अन्न व नागरी पुरवठा मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाला 85 दिवस उलटले होते. खून झाला 9 डिसेंबर 2024 रोजी. मुंडे यांचा शपथविधी नागपुरात झाला 15 डिसेंबरला, म्हणजे खुनानंतर सहाव्या दिवशी. मधल्या काळात मराठवाड्यात गावोगावी मोर्चे निघाले, या प्रकरणातला आरोपी वाल्मीक कराड पोलिसांना शरण आला, खंडणी ते खून अशी साखळी मांडणारे आरोपपत्र दाखल झाले. स्वतः मुंडे या खटल्यात आरोपी नाहीत. त्यांच्यावर आक्षेप होता तो कराडशी असलेल्या निकटच्या संबंधांचा आणि त्या संबंधांच्या आडोशाने बीडमध्ये उभ्या राहिलेल्या दहशतीचा. हा आक्षेप डिसेंबरात जितका वजनदार होता तितकाच मार्चमध्येही होता. फरक इतकाच पडला की 3 मार्चला खुनाच्या वेळची छायाचित्रे लोकांसमोर आली आणि रात्रीतून निर्णय झाला. त्यांच्या पक्षाने, म्हणजे अजित पवारांच्या राष्ट्रवादीने, नैतिकतेचा हवाला दिला, मुंडे यांनी सद्सद्विवेकबुद्धीच्या जोडीला प्रकृतीचेही कारण दिले. 20 मे रोजी छगन भुजबळ यांचा शपथविधी झाला आणि हेच खाते त्यांच्याकडे गेले. महाराष्ट्रात मंत्र्याचा राजीनामा कोण घेते, कधी घेते आणि त्यानंतर मूळ प्रकरणाचे काय होते, हा प्रश्न एका मुंडे यांच्यापुरता राहत नाही तो यामुळे.

या प्रश्नाकडे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्रीतून पाहण्याला अर्थ आहे. 2014 ते 2019 या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते हरिभाऊ बागडे, म्हणजे फुलंब्रीचे आमदार, आज राजस्थानचे राज्यपाल. मंत्र्याला जाब विचारायची राज्यातली सर्वोच्च जागा जे सभागृह, त्याची सूत्रे पाच वर्षे या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे होती. शेजारच्या सिल्लोडला मंत्रिपद मिळाले, पैठणला मिळाले, छत्रपती संभाजीनगर पश्चिमला मिळाले, आणि या मंत्र्यांपैकी काहींवर आरोपही झाले. तेव्हा आरोप, सभागृह आणि राजीनामा हे तिन्ही इथल्या मतदाराच्या परिचयाचे आहेत. गेल्या चार दशकांतली प्रकरणे एकापुढे एक ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. राजीनामा हा जनतेला द्यायच्या हिशेबाचा भाग उरलेला नाही, तो पक्षांच्या आपसातल्या व्यवहाराचा भाग झाला आहे. चौकशी सुरू व्हावी म्हणून मंत्र्याने पद सोडायचे असते. आपल्याकडे मंत्री पद सोडतो आणि चौकशी थंडावते. सत्ताधारी पक्षावर संकट येते ते खुर्ची जाण्याचे, फाइल उघडण्याचे येत नाही.

सुरुवात बॅ. अ. र. अंतुले यांच्यापासून करावी लागते. 1981 मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि इतर विश्वस्त निधींसाठी घेतलेल्या देणग्यांचे प्रकरण अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून बाहेर काढले. सिमेंट तेव्हा नियंत्रित भावाने मिळत असे आणि त्याचा कोटा हातात असणे म्हणजे बिल्डरांची नाडी हातात असणे. समाजवादी नेते प. बा. सामंत न्यायालयात गेले. 12 जानेवारी 1982 रोजी न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट वाटप यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुले यांना जावे लागले. चार वर्षांनी, मार्च 1986 मध्ये, शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले. त्यांच्या मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या फेरफारावरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले होते. दोन्ही वेळा न्यायालयाने बोट दाखवले आणि दिल्लीने माणूस हलवला. ज्या काँग्रेस आमदारांनी यांना नेता निवडले होते त्यांचे मत कुणी विचारले नाही. एकछत्री पक्षाला हे सोपेही होते. मुख्यमंत्री बदलला तरी सरकार तेच, बहुमत तेच, दुसऱ्या दिवशीचे कामकाज तेच. राजीनाम्याची किंमत पक्षाला फारशी पडत नव्हती, म्हणून तो लवकर होत होता. तेव्हाचे राजकारणी आजच्यापेक्षा सज्जन होते असा निष्कर्ष यातून काढणे भाबडेपणाचे ठरेल.

शिवसेना-भाजप युतीच्या काळात दिल्लीची जागा शिवसेनाप्रमुखांच्या ‘मातोश्री’ने घेतली. अण्णा हजारे यांच्या आरोपांनंतर 1996 मध्ये शशिकांत सुतार आणि महादेव शिवणकर गेले. पुण्यातील शाळेसाठी राखीव भूखंड जावयाच्या इमारतीसाठी मोकळा केल्याच्या प्रकरणात जानेवारी 1999 अखेर मनोहर जोशी पायउतार झाले, तेही शिवसेनाप्रमुखांच्या आदेशाने. उच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर मार्चमध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो 2011 मध्ये कायम केला. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील आणि पाठोपाठ विलासराव देशमुख गेले. वर्षभरात विलासराव केंद्रात मंत्री झाले आणि आर. आर. पुन्हा गृहमंत्री. नोव्हेंबर 2010 मध्ये कुलाब्यातील 31 मजली ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणाने अशोक चव्हाणांचे मुख्यमंत्रिपद घेतले. त्यानंतर आजवर गैरव्यवहाराच्या आरोपावरून महाराष्ट्राच्या एकाही मुख्यमंत्र्याला घरी जावे लागलेले नाही. आरोप आटले म्हणून असे झाले, असे म्हणणारा माणूस भेटणे कठीण. कारण वेगळे आहे. मुख्यमंत्री हा आता तीन पक्षांमधल्या कराराचा खांब असतो आणि तो हलवला तर सगळे छप्पर खाली येते.

या यादीकडे मराठवाडा निराळ्या डोळ्यांनी पाहतो, त्याचीही दखल घ्यायला हवी. या विभागाने राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव आणि अशोक चव्हाण. त्यांतल्या तिघांची कारकीर्द वादातून संपली. साहजिकच इथे राजीनाम्याची बातमी आली की पहिली प्रतिक्रिया असते, ‘आपला माणूस पाडला’. पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांवरचे आरोप पचतात आणि आमच्याकडच्यांचे मात्र गळ्याशी येतात, ही तक्रार अगदीच निराधार नाही. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. निकष सर्वांना सारखे नसतील तर ते सारखे करा म्हणायचे, की आपल्या माणसालाही सूट द्या म्हणायचे? मस्साजोगने या तक्रारीचे उत्तर परस्पर दिले. मारला गेलेला सरपंच मराठवाड्याचा, मंत्री मराठवाड्याचा, आणि राजीनाम्यासाठी रस्त्यावर उतरलेली माणसेही मराठवाड्याचीच होती.

खरा बदल झाला तो सिंचन प्रकरणात. राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालातून दशकभरात सिंचनक्षेत्र जेमतेम 0.1 टक्क्याने वाढल्याचे समोर आले. या काळात प्रकल्पांवर झालेला खर्च 70 हजार कोटींच्या घरात सांगितला जात होता. मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्राने आतल्या कारभाराची वाच्यता केली. 1999 ते 2009 या काळात जलसंपदा खाते सांभाळलेल्या अजित पवारांनी 25 सप्टेंबर 2012 रोजी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राष्ट्रवादीच्या बाकी मंत्र्यांनीही राजीनामे लिहिले, पण ते प्रदेशाध्यक्ष मधुकर पिचड यांच्याकडेच राहिले, राजभवनापर्यंत गेले नाहीत. मंत्र्यांनी राजीनामा मुख्यमंत्र्यांना न देता पक्षाध्यक्षाला द्यावा, यातच सगळे आले. सरकारने नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका काढली आणि 7 डिसेंबरला पवार परतले. बाहेर राहिले ते 73 दिवस. ज्या खात्यावर आरोप त्याच खात्याने लिहिलेली श्वेतपत्रिका हा परतीचा परवाना ठरला. स्वतंत्र चौकशी त्यानंतर सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरचे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल 2014 मध्ये आला आणि त्याने प्रकल्पांच्या किमती कशा फुगत गेल्या, मंजुरीचे टप्पे कसे ओलांडले गेले याची मांडणी केली. पण तोवर राजीनामा ‘वापरून’ झाला होता. दुष्काळी तालुक्यांच्या दृष्टीने तर हे फारच महाग पडले. अर्धवट कालवे आणि कोरडी लाभक्षेत्रे तशीच राहिली आणि चर्चा मात्र कोण गेला, कोण आला यावरच फिरत राहिली.

बागडे अध्यक्ष असतानाच्या पाच वर्षांत हा व्यवहार आणखी पक्का झाला. त्या सभागृहाची सुरुवातच बोलकी होती. 12 नोव्हेंबर 2014 रोजी बागडे बिनविरोध अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी अल्पमतातल्या फडणवीस सरकारने आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव जिंकला. मतविभाजनाची मागणी करणारे विरोधक ओरडत राहिले. पुढे शिवसेना सत्तेत आली आणि तिचे मंत्री ‘राजीनामे खिशात घेऊन फिरतो’ असे सांगू लागले. ते कागद पाच वर्षांत खिशाबाहेर आले नाहीत. जून 2016 मध्ये भोसरीच्या एमआयडीसी जमिनीवरून महसूलमंत्री एकनाथ खडसे यांना जावे लागले. ते भाजपचे होते, म्हणून मुख्यमंत्र्यांना तो निर्णय शक्य झाला. 2017 मध्ये एमआयडीसीच्या जमिनी वगळण्याच्या वादात शिवसेनेचे सुभाष देसाई यांनी राजीनामा देऊ केला, तो मुख्यमंत्र्यांनी घेतला नाही. खडसेंच्या प्रकरणी नेमलेल्या न्या. दिनकर झोटिंग समितीचा अहवाल 2017 मध्ये सरकारकडे गेला. चार वर्षांनी तो मंत्रालयात सापडत नसल्याच्या बातम्या आल्या, मग तो सापडला. ज्या अहवालावर एका ज्येष्ठ मंत्र्याची कारकीर्द अवलंबून होती तो कपाटात शोधावा लागतो, आणि त्या कारणावरून सभागृह एक दिवसही बंद पडत नाही! मार्च 2017 मध्ये गोंधळ घातल्याबद्दल विरोधकांचे 19 आमदार निलंबित झाले. महाविकास आघाडीच्या काळात जुलै 2021 मध्ये भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले. आमदारांना बाहेर काढताना सभागृहाचे हात दोन्ही वेळा सैल होते, मंत्र्यांना जाब विचारताना ते बांधलेले होते. दोष एका अध्यक्षाचा नाही. सत्ताधारी पक्षाने दिलेला अध्यक्ष सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणणारी चर्चा किती चालू देणार, हा आपल्या संसदीय रचनेतलाच पेच आहे. तरीही एवढे म्हणावेच लागेल की वर सांगितलेल्या राजीनाम्यांपैकी एकही सभागृहातल्या ठरावामुळे झाला नाही.

महाविकास आघाडीने वेगळे काही करून दाखवले नाही. संजय राठोड यांनी 28 फेब्रुवारी 2021 रोजी एका तरुणीच्या मृत्यूनंतर झालेल्या आरोपांमुळे वनमंत्रिपद सोडले. त्यांच्या राजीनाम्यासाठी भाजपने राज्यभर रान उठवले होते. 9 ऑगस्ट 2022 रोजी ते पुन्हा मंत्री झाले, ते भाजपच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या सरकारात. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी पत्रातून केलेल्या शंभर कोटींच्या वसुलीच्या आरोपानंतर उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला आणि त्याच दिवशी, 5 एप्रिल 2021 रोजी, गृहमंत्री अनिल देशमुख गेले. आरोपांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. के. यू. चांदीवाल आयोगाने एप्रिल 2022 मध्ये अहवाल दिला. 2024 च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत तो लोकांसमोर आलेला नव्हता, आणि तो जाहीर करा म्हणून मागणी करणाऱ्यांत खुद्द देशमुख होते. आरोप झालेला माणूस अहवाल मागतो आणि एकामागून एक येणारी सरकारे तो दाबून ठेवतात, ही अवस्था विचार करायला लावणारी आहे. नवाब मलिक तर फेब्रुवारी 2022 मध्ये अटक झाल्यानंतरही सरकार पडेपर्यंत बिनखात्याचे मंत्री राहिले. राजीनामा घेतला तर आरोप मान्य केल्यासारखे होईल, अशी आघाडीची बाजू होती. हे तर्कट एकदा मान्य केले की कोणत्याही मंत्र्याने कधीच जायला नको.

2022 चा उन्हाळा सरत असताना लंडन आणि मुंबई इथे आगेमागे दोन सरकारे कोसळत होती. लंडनमध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्थमंत्री आणि आरोग्यमंत्र्यांनी पंतप्रधानांवर विश्वास उरला नाही असे सांगून पदे सोडली. दोन दिवसांत पन्नासहून अधिक जण सरकारातून बाहेर पडले आणि 7 जुलैला बोरिस जॉन्सन यांनी नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. इथे एकनाथ शिंदे यांच्याबरोबर सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्या मंत्र्यांपैकी कुणी मंत्रिपदाचा राजीनामा देऊन गेले नाही. त्यांत आपल्या जिल्ह्याचे दोघे होते, पैठणचे संदीपान भुमरे आणि सिल्लोडचे अब्दुल सत्तार. जिल्ह्यातील शिवसेनेच्या सहापैकी पाच आमदार तिकडे होते. मंत्री राहूनच मंत्रिमंडळाविरुद्ध बंड, आणि मुख्यमंत्र्यांनी केले काय, तर त्यांची खाती काढून दुसऱ्यांना दिली. राजीनामा शेवटी एकट्या उद्धव ठाकरे यांनी दिला, आणि बहुमत चाचणीला सामोरे न जाता स्वेच्छेने दिला म्हणून त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंत्र्याने यातून काय धडा घेतला असेल ते उघड आहे. जो देतो तो हरतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आघाडीच्या सरकारात मुख्यमंत्र्याचे हात बांधलेले असतात, मित्रपक्षाचा मंत्री तो काढणार कसा? घटनेच्या 164 व्या कलमानुसार मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात आणि ती मर्जी मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने चालते. कायद्याने हात मोकळे आहेत. बांधलेले आहेत ते आकड्यांनी, असे म्हणावे तर नोव्हेंबर 2024 चे आकडे तसे सांगत नाहीत. भाजपकडे 132 जागा, शिंदे यांच्याकडे 57, अजित पवारांकडे 41, आणि बहुमताला लागतात 145. दोघांपैकी एक मित्र रुसला तरी सरकारला धक्का नव्हता. तरीही 85 दिवस लागले. म्हणजे अडचण सभागृहातल्या बहुमताची नव्हतीच. मंत्रिपदे पक्षाच्या ‘कोट्यात’ मोजली जातात आणि कोट्यातला माणूस ही त्या पक्षाची मालमत्ता समजली जाते. त्यात जातींची गणिते आणि समोर ठाकलेल्या स्थानिक निवडणुका मिसळल्या की गुन्ह्याचे गांभीर्य यादीत खाली सरकते. सिन्नरचे माणिकराव कोकाटे यांचे उदाहरण पाहा. जुलै 2025 मध्ये सभागृहात मोबाइलवर रमी खेळतानाच्या चित्रफितीचा गदारोळ झाला, तेव्हा त्यांचे कृषी खाते काढून क्रीडा खाते देण्यात आले. कोटा शाबूत राहिला, विनोदही घडला. शासकीय कोट्यातील सदनिका मिळवल्याच्या प्रकरणात फेब्रुवारी 2025 मध्येच दोन वर्षांची शिक्षा झाली होती, पण ती सत्र न्यायालयाने कायम केल्यावरच, डिसेंबरात, त्यांचे मंत्रिपद गेले.

आता खालच्या पायरीवर येऊ. 31 मार्च 2023 रोजी फुलंब्री पंचायत समितीसमोर गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे यांनी दोन लाख रुपयांच्या नोटा उधळल्या. रोजगार हमीतील सिंचन विहिरींच्या मंजुरीसाठी शेतकऱ्यांकडून टक्केवारी मागितली जाते, असा त्यांचा आरोप होता. चित्रफीत देशभर फिरली आणि गटविकास अधिकाऱ्याचे निलंबन झाले. शासकीय सेवेच्या नियमांत निलंबन ही शिक्षा नसते. अधिकाऱ्याने चौकशीत ढवळाढवळ करू नये म्हणून त्याला बाजूला केलेले असते, आणि पुढे दोषारोप, उत्तर, विभागीय चौकशी असा रस्ता ठरलेला असतो. तो रस्ता प्रत्यक्षात किती रखडतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण निदान कागदावर तो आहे. मंत्र्याच्या राजीनाम्यानंतर कागदावरही काही नाही. त्याने काय खुलासा केला, कुणी तपासला, कोणत्या तारखेपर्यंत निष्कर्ष निघायला हवा, आणि परत घेताना कोणत्या आधारावर घेतले, यातले काहीच कुठे नोंदवायची सक्ती नाही. शेजारच्या सिल्लोडचे सत्तार मंत्री असताना डिसेंबर 2022 मध्ये वाशीम जिल्ह्यातील 37 एकर गायरानाच्या आदेशावरून नागपूर खंडपीठाने कडक शब्द वापरले. हिवाळी अधिवेशनात विरोधकांनी राजीनामा मागितला, सभात्याग केला, अधिवेशन संपले. सत्तार मंत्री राहिले. विहिरीच्या फाइलीवर अडलेला अधिकारी घरी बसतो आणि गायरानाच्या फाइलीवर अडलेला मंत्री बसत नाही, हा फरक शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आरोप झालेल्यांपैकी अनेक जण पुढे सुटले, मग नुसत्या आरोपावर पद घेणे हा अन्याय नव्हे काय? छगन भुजबळ दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिले आणि सप्टेंबर 2021 मध्ये महाराष्ट्र सदन प्रकरणातून दोषमुक्त झाले. अशोक चव्हाणांवरील खटल्याला राज्यपालांनी दिलेली मंजुरी उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये रद्द केली. सिंचन प्रकरणी अजित पवारांना जबाबदार धरता येत नाही, असे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने 2019 अखेर नागपूर खंडपीठाला सांगितले. अनिल देशमुख तेरा महिन्यांहून अधिक काळ कोठडीत राहून जामिनावर बाहेर आले. यांच्यापैकी कुणी खरोखर निर्दोष असेल तर त्याच्यावर झालेला अन्याय भरून येणारा नाही, हे मान्य. पण या सुटकांवर लोकांचा विश्वास का बसत नाही? राजकीय वारे बदलले की तपास यंत्रणेचे मतही बदलते, असा क्रम लोकांनी वारंवार पाहिला आहे. 2019 च्या त्या प्रतिज्ञापत्राचा मुहूर्त फडणवीस आणि अजित पवार यांच्या पहाटेच्या शपथविधीनंतरच्या आठवड्यातला. अशोक चव्हाण फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोचले, तेव्हा ‘आदर्श’बद्दल वर्षानुवर्षे बोलणाऱ्यांनी तो विषय मिटवून टाकला. निर्दोष माणसाला आणि दोषी माणसाला मिळणारी ‘क्लीन चिट’ एकाच कागदावर, एकाच शाईने येत असेल तर निर्दोष माणसाचेच जास्त नुकसान आहे. वेळेत झालेली, उघड चौकशी ही त्याचीही गरज आहे.

तिसरे म्हणणे मतदारांच्या नावाने मांडले जाते. लोक निवडून देतात, मग तुम्ही कोण? मतपेटीतून सरकार निवडले जाते, गुन्ह्याचा निवाडा होत नाही. मतदार एका बोटाने रस्ता, जात, उमेदवार, मुख्यमंत्री, लाडकी बहीण आणि कापसाचा भाव अशा दहा प्रश्नांचे उत्तर देतो. त्यातून भ्रष्टाचारावरचे मत वेगळे काढता येत नाही. आणि भ्रष्टाचाराची लोकांना पर्वाच नाही हेही खरे नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात, ज्यात फुलंब्री येते, त्याच मंगेश साबळे यांना अपक्ष असूनही दीड लाखाहून अधिक मते पडली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनातला त्यांचा सहभागही त्यामागे होता, हे विसरून चालणार नाही. तरी पंचायत समितीसमोरचे ते दृश्य लोकांच्या लक्षात होते, हे कुणी नाकारणार नाही. त्या निवडणुकीत रावसाहेब दानवे यांचा पराभव करणारे कल्याण काळे हे फुलंब्रीचेच माजी आमदार.

मग व्हावे काय? परदेशातली उदाहरणे शोधत बसायची गरज नाही, आपल्याच इतिहासात एक आहे. 1957 च्या अखेरीस फिरोज गांधी यांनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांचा प्रश्न काढला. विचारणारा सदस्य सत्ताधारी पक्षाचा, पंतप्रधानांचा जावई. जानेवारी 1958 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, महिन्याच्या आत अहवाल दिला आणि फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. प्रश्न सभागृहात, चौकशी लोकांसमोर आणि राजीनामा चौकशीच्या निष्कर्षावर. कृष्णम्माचारी पुढे 1962 मध्ये मंत्रिमंडळात परतले, आणि त्यात गैर काही नव्हते, कारण हिशेब झालेला होता. महाराष्ट्रातही एकदा हे घडले आहे. मंत्र्यांवरील आरोपांची चौकशी करणाऱ्या न्या. पी. बी. सावंत आयोगाचा अहवाल फेब्रुवारी 2005 मध्ये आला आणि महिनाभरात सुरेश जैन आणि नवाब मलिक यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. त्याच अहवालाने विजयकुमार गावित यांना दोषमुक्त ठरवले आणि तक्रारदार अण्णा हजारे यांच्या संस्थेच्या कारभारावरही बोट ठेवले. चौकशी खरी असली की ती अशी कुणाच्याच सोयीची नसते. जॉन्सन यांचेही पुढचे वाचण्यासारखे आहे. पद गेल्यावरही हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीने त्यांची चौकशी सोडली नाही. जून 2023 मध्ये अहवाल आला आणि सभागृहाने तो 354 विरुद्ध 7 मतांनी स्वीकारला.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. चौकशी आयोग अधिनियम, 1952 म्हणतो की आयोगाचा अहवाल, त्यावर काय कार्यवाही केली याच्या टिपणासह, सहा महिन्यांत सभागृहाच्या पटलावर ठेवला पाहिजे. सरकारे यातून दोन वाटांनी निसटतात. एक, आयोगाऐवजी ‘समिती’ नेमायची, म्हणजे मुदतीचे बंधनच नको. दुसरी, मुदत सरळ ओलांडायची, कारण ओलांडल्यास शिक्षा नाही. ‘आदर्श’ आयोगाचा अंतिम अहवाल एप्रिल 2013 मध्ये आला, तो ठेवला डिसेंबरात, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि ठेवता ठेवताच सरकारने तो फेटाळला. राहुल गांधी यांनी जाहीर नापसंती दाखवल्यावर 2 जानेवारी 2014 रोजी अर्धामुर्धा स्वीकारला. इथेही सभागृहापेक्षा दिल्लीचा शब्द वरचढ ठरला. देशात लोकायुक्त नेमणारे पहिले राज्य म्हणून आपण मिरवतो, तो कायदा 1971 चा. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारे नवे विधेयक विधानसभेने 2022 मध्ये आणि परिषदेने 2023 मध्ये मंजूर केले. त्याचे स्वागत आहे, मात्र मुख्यमंत्र्यांवरील चौकशीच्या वाटेत सभागृहाच्या परवानगीची अट घालून ठेवली आहे. ज्या सभागृहाने आजवर एका मंत्र्यालाही घरी पाठवले नाही, ते आपल्या नेत्याच्या चौकशीला परवानगी देईल अशी आशा धरायला फार मोठे मन लागेल.

म्हणून राजीनाम्याच्या मागणीत शक्ती घालवण्यापेक्षा तीन साध्या गोष्टींचा आग्रह धरणे अधिक उपयोगाचे आहे. मंत्री गेला की किती दिवसांत चौकशी पूर्ण होणार, ते त्याच दिवशी जाहीर व्हावे. समिती म्हणा की आयोग, तिचा अहवाल सहा महिन्यांत पटलावर यावाच. आणि गेलेल्या मंत्र्याला परत घ्यायचे असेल तर मुख्यमंत्र्यांनी सभागृहात उभे राहून कारण सांगावे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नियमावलीत दुरुस्ती पुरते. फुलंब्रीच्या आमदार आता अनुराधा चव्हाण आहेत आणि त्या सत्ताधारी पक्षाच्या आहेत. फिरोज गांधीही सत्ताधारी पक्षाचेच होते. येत्या अधिवेशनाआधी इथल्या मतदारांनी त्यांच्याकडे एकच लेखी मागणी करावी: झोटिंग आणि चांदीवाल हे दोन्ही अहवाल कार्यवाहीच्या टिपणासह सभागृहासमोर मांडण्याची मागणी त्यांनी आपल्याच सरकारकडे, सभागृहात, नोंदीवर करावी.